न मारणाऱ्या मुलींचे सर

सुरडकर सरांच्या संघातल्या मुलींना चेंडू मारता येत नसे. एखाद्या वर्षी नव्हे, दरवर्षी. आणि येत नसे म्हणूनच सर त्यांना संघात घेत. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं असेल, पण ऐकणारा हमखास म्हणतो, "नाही हो मॅडम, तुमचं काहीतरी उलटं होतंय." बेसबॉलच्या बाबतीत माझं पुष्कळ काही उलटं होतं, पण हे नव्हतं. अकरा वर्षं मी त्या संघाबरोबर हिंडले, पाण्याचे कॅन उचलले, मुलींच्या वेण्या घातल्या आणि संघ हरताना पाहिला. एवढं तरी मला कळत होतं.

आमची शाळा चिखली-खामगाव रस्त्यावर, उंद्रीच्या थोडी अलीकडे. पाचवी ते बारावी. मी मराठी शिकवायचे, सर पी.टी. शिकवायचे. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई हवी, असा नियम आहे. बाकी बायांची मुलं लहान होती, माझा मुलगा मोठा, म्हणून मुख्याध्यापकांनी मला न विचारता माझं नाव लिहून टाकलं. सरांनी मात्र विचारलं. स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमाले उन्हात उभं राहता येते ना?"

मी म्हटलं, येतं.

"मंग झालं. बाकी खेळ समजला नाही तरी चालते."

नाहीच समजला. चेंडू बॅटला लागला तर खेळाडू पळतो हे एकवेळ ठीक, पण न लागतासुद्धा कधी कधी पळतो, आणि चांगला लागूनही मान खाली घालून परत येतो. चार कोपरे फिरून जिथून निघालो तिथेच परत आलो की एक रन. मी सरांना म्हटलं, जिथे होतो तिथेच यायचं तर जायचं कशाला? सर म्हणाले, "हे तुमी मराठीच्या तासाले विचारा. आमच्या तासाले पळा लागते."

सर तुराटीसारखे सडसडीत. पांढरे कॅनव्हासचे बूट, शर्टाच्या खिशात कायम फुटाणे. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी ऐकली नाही. टाळी वाजवत. शिट्टी वाजली की पोरी दचकतात आणि दचकलेल्या हातातून चेंडू सुटतो, असं त्यांचं म्हणणं. उजवा हात कानाच्या वर जात नसे. तरुणपणी फार चेंडू फेकले, त्यात खांदा गेला. एखाद्या रजेवरच्या मास्तरांच्या तासाला त्यांना वर्गावर पाठवलं, तर ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहीत. पंधरा ऑगस्टला सलामी द्यायची तर हात गालापर्यंत येऊन थांबे. मुलं मधल्या सुट्टीत त्याची नक्कल करत. सरांना ते ठाऊक होतं आणि एकदा त्यांनी एका पोराला बोलावून नक्कल नीट करायला शिकवली.

त्यांना दुसरी सवय होती ती हात बघण्याची. माणूस भेटला की ते आधी त्याच्या हातांकडे बघत आणि मग तोंडाकडे. एकदा उंद्रीत एका लग्नात पंगतीला बसले असताना एक मुलगी भाताची परात घेऊन आली. कोणाचा तरी धक्का लागला, परात कलंडली, आणि मुलीने ती गुडघ्यावर अशी काही झेलली की एक शीत सांडलं नाही. सर पंगतीतून उठले, तिच्या वडिलांना शोधून काढलं, आणि विचारलं, मुलीचं नाव काय, कितवीत आहे, घरी कोण कोण असतं. पुढच्या रविवारी वडील, मामा आणि एक जाणते आजोबा मुलीचा फोटो घेऊन सरांच्या घरी हजर. पोहे झाले, चहा झाला. शेवटी आजोबांनी विचारलं, "मुलगा काय करते?" सर म्हणाले, "आठवीत आहे." तो घोळ निस्तरायला सरांच्या बायकोला दोन तास लागले. मुलगी मात्र संघात आली.

सरांची खरी निवड अशीच मैदानाबाहेर होई. उंद्रीकडे भाजीची शेती पुष्कळ. हिवाळ्यात कोबी निघाला की वावरापासून पिकअपपर्यंत माणसांची रांग लागते. कापलेला गड्डा पहिला दुसऱ्याकडे फेकतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि शेवटचा गाडीत उभा राहून रचतो. कोणी कोणाकडे बघत नाही. गप्पा चालू असतात आणि गड्डे हवेतून जात असतात. गड्डा पडला तर मातीने भरतो, पानं फाटतात आणि व्यापारी नाक मुरडतो. म्हणून तो पडू द्यायचा नाही. आमच्या शाळेतल्या मुली लहानपणापासून या रांगेत उभ्या राहिलेल्या. सर सकाळी सकाळी बांधावर उभे राहून फुटाणे खात ती रांग बघत.

एका सकाळी मला घेऊन गेले. मी माझी स्कूटी त्यांच्या गाडीमागे घातली. रांगेत तिसरी एक मुलगी होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. आमच्याच नववीतली रूपाली. मागच्या काकूला ती गणिताच्या मास्तरांबद्दल काहीतरी सांगत होती. तेवढ्यात एक गड्डा हातभर डावीकडे आणि खाली आला. तिने वाक्य न तोडता, मान न वळवता तो एका हाताने उचलून पुढे धाडला. सरांचं चावणं थांबलं.

"ही कोणाची?"

"माही," गाडीत उभे असलेले वडील म्हणाले. "काऊन सर, शाळेत काही केलं का तिनं?"

"नाई. उद्या मैदानावर पाठवजा."

"तिले खेळबिळ काही येत नाही, सर."

"म्हणूनच तं."

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. प्रत्येकीला बारा चेंडू. रूपालीने बारापैकी एकालाही बॅट लावली नाही. शेवटच्याला तर इतक्या जोरात फिरवली की स्वतःच गिरकी घेऊन खाली बसली आणि हसायला लागली. सरांनी वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. त्याच चाचणीत दुसऱ्या एका मुलीने चेंडू मुख्याध्यापकांच्या खोलीच्या पत्र्यावर नेऊन आदळला. सर म्हणाले, "वा. उद्या बाबांना घेऊन ये." ती महिन्याभराने शाळेतच दिसेना. मला वाटलं, वडिलांनी नाही म्हटलं असेल. आमच्याकडे ते काही नवं नाही.

तर असा संघ. आमच्या मुलींकडे मारलेला चेंडू जमिनीला लागत नसे, आणि आमच्या मुलींनी फिरवलेली बॅट चेंडूला लागत नसे. त्यामुळे सामने शून्य-शून्य चालत राहत. पंचांना भूक लागे. पुढच्या सामन्याचे संघ सावलीत बसून कंटाळून जात. मग कधीतरी समोरची एखादी चेंडू मारी आणि आम्ही एका रनने हरत असू. जिल्ह्याच्या गावच्या एका मोठ्या शाळेचे राजपूत सर आमच्या सरांचे जुने दोस्त. ते दरवर्षी विचारत, "सुरडकर, पोरी झेलतात झकास. पण तू त्यांना बॅट देतो का नुसती दाखवतो?"

"दाखवतो," सर म्हणत. "एकच आहे ना."

खरंच एकच होती, लाकडी. हरल्यावर सर मुलींना गोल बसवत. त्यांचं ठरलेलं असे.

"हरलो?"

"हाव सर."

"गड्डा पडला?"

"नाई सर."

"मंग जेवा."

आणि मुली डबे उघडून खरोखरच आनंदाने जेवत. मला ते बघून राग यावा की हसू, हे ठरवता येत नसे.

स्टाफरूममध्ये यावर पुष्कळ तर्क चालत. एक म्हणे, बॅट मोडेल म्हणून सर घाबरतात. दुसऱ्याच्या मते सरांना हरायची सवय लागली होती आणि सवय वाईट. मुख्याध्यापक म्हणत, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपल्याच शाळेत मारणाऱ्या पोरी आहेत, आणि हा माणूस कोबीच्या वावरात हिंडतो." मी एकदा सरळ विचारलं, सर, एखादी मारणारी का घेत नाही?

"मारणारीले कोणीही घेते, मॅडम," ते म्हणाले आणि पाण्याचा कॅन उचलून निघून गेले. हे उत्तर आहे की उत्तर टाळणं आहे, हेही मला कळलं नाही.

हा खेळ आमच्या शाळेत कशासाठी होता, ते सांगायला हवं. क्रिकेटला मुलांची रांग, कबड्डीला रांग. बेसबॉलला रांगच नाही. त्यामुळे जिल्ह्यात पहिलं यायचं, विभागात जिंकायचं आणि राज्यावर खेळायचं, हे त्यातल्या त्यात जमण्यासारखं. राज्यावर खेळल्याचा कागद हातात असला की पोलीस भरतीत उपयोग होतो, हे आमच्या भागातल्या प्रत्येक आईबापाला पाठ आहे. रूपाली बारावीत गेली तेव्हा तिला तो कागद हवा होता. अगदी हवाच होता. बुलढाण्याला जाताना ती गाडीत माझ्या शेजारी बसायची. एकदा म्हणाली, "मॅडम, तुमचं माहेर बीबीचं ना? कसं हाय बीबी?"

"चांगलं आहे. मोठं गाव आहे, बाजार मोठा भरतो. का गं?"

"बाबा म्हनतात, कागद आला तं भरतीची तयारी कर. नाई आला तं बीबीचं स्थळ चांगलं हाय."

माहेर माझंच. चांगलं म्हणावं तर पंचाईत, वाईट म्हणावं तर खोटं. मी तिला अर्धी चिक्की दिली.

त्याच वर्षी जूनमध्ये पूजा आली. रोहिणखेडची मुलगी, उंद्रीला मामाकडे राहून अकरावी करायला आलेली. चाचणीत तिने बारापैकी नऊ चेंडू मारले. एक तर कुंपणापलीकडे सोयाबीनमध्ये गेला, तो शोधायला पाच मुली लागल्या. मला खेळ कळत नव्हता, पण एवढं कळलं की आता रूपालीचा कागद आला. अलीकडे हिने मारावं, पलीकडे तिने झेलावं. मी घरी जाऊन शिरा केला. नवऱ्याने विचारलं, काय विशेष? मी म्हटलं, आमच्याकडे एक मारणारी आली.

पंधरा दिवसांनी पूजा वर्गात नव्हती. मी सरांना गाठलं.

"गेली," सर म्हणाले. "बरं झालं तिचं."

"कुठे गेली? आणि बरं काय झालं?"

"पाहू ना बाप्पा," ते म्हणाले. कुठलाही प्रश्न त्यांना नको असला की हे उत्तर येई. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, की आलं, तेही मला सांगता येणार नाही.

जिल्ह्याचा अंतिम सामना बुलढाण्याला झाला. समोर राजपूत सरांचा संघ, आणि त्या संघात, त्यांच्या निळ्या कपड्यांत, पूजा. मी सरांना बाहीला धरून ओढलं. "सर, ही आपली पूजा."

"हाव," सर म्हणाले. फुटाणे पुढे केले. मी घेतले नाहीत.

सामना शून्य-शून्य चालला. रूपाली सगळ्यात लांब, मैदानाच्या टोकाला उभी. पूजाने पहिल्यांदा चेंडू उंच मारला, तो रूपालीने जागेवर घेतला. दुसऱ्यांदा खूप लांब मारला, तो तिने पाठ फिरवून पळत जाऊन, खांद्यावरून येताना घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, राजपूत सरांनीसुद्धा. तिसऱ्यांदा, शेवटच्या डावात, चेंडू रूपालीच्या डोक्यावरून भिंतीपलीकडे रस्त्यावर गेला. ती भिंतीपर्यंत पळत गेली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. पूजा चार कोपरे फिरून आली. एक-शून्य.

सरांनी मुलींना गोल बसवलं.

"हरलो?"

"हाव सर."

"गड्डा पडला?"

 या वेळी एकटी रूपाली म्हणाली, "नाई सर. गड्डा बाहेर गेला."

"मंग जेवा," सर म्हणाले, पण हळू. डबे कोणी उघडले नाहीत.

तेवढ्यात पूजा पळत आली आणि सरांच्या पाया पडली. तिच्या मागून त्यांच्या संघातल्या आणखी तिघी आल्या. एक ती, मुख्याध्यापकांच्या पत्र्यावर चेंडू आदळणारी. चौघी पाया पडल्या, सर प्रत्येकीच्या डोक्यावर डावा हात ठेवत गेले. मी राजपूत सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं, मॅडम? माझ्या मारणाऱ्या सगळ्या याच्याच चिठ्ठीवर आलेल्या आहेत."

परतीच्या गाडीत मुली मागे झोपल्या होत्या, किंवा झोपल्यासारख्या होत्या. मी सरांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, आपल्या मुलींच्या तोंडचा घास काढून तुम्ही दुसऱ्याच्या ताटात वाढता. हा कुठला न्याय?

 सर म्हणाले, "मारणाऱ्या पोरीले रोज शंभर चेंडू फेकणारं कोणी लागते, मॅडम. माह्या हातानं होत नाही. आपल्याजवळ बॅट एक, मैदानाले उतार. तिकडं होस्टेल आहे, फेकणारे आहेत. इथं ठेवली तं दोन वर्षांत वाया जाते. मंग पाठवतो."

"आणि रूपाली?"

"तिले कोणी घेतलं नसतं. हात पाहून कोणी घेत नाही. म्हणून मी घेतली."

"पण मग तिचं काय?"

"थेच समजून नाही राह्यलं मले," सर म्हणाले. आणि मला दिसलं की ते खरंच बोलत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाच्या डोक्यात काहीतरी आखलेलं आहे आणि मलाच ते कळत नाही. त्यांनाही कळत नव्हतं. त्याने माझा राग जायला हवा होता, पण तो वाढला.

महिन्याभराने जिल्ह्याचा निवडक संघ करायचा होता, वेगवेगळ्या शाळांतल्या मुली घेऊन. तोही राज्यावर जातो. सरांनी स्वतःच्या संघातल्या मुलीसाठी उभ्या जन्मात कोणाजवळ शब्द टाकला नव्हता, तो राजपूत सरांजवळ टाकला. म्हणाले, माझी एक मुलगी बघा, फक्त हात बघा. आम्ही तिघं गेलो, सर, रूपाली आणि मी. निवड समितीने पूजाला मारायला उभं केलं आणि बाकीच्यांना लांब लांब पसरवलं. पूजाने पहिला चेंडू रूपालीकडे मारला. दुसराही. तिसराही. दहाव्या चेंडूला समितीतले एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अगं, बाकीच्यांकडे पण मार." पूजा हो म्हणाली आणि अकरावा पुन्हा रूपालीकडे मारला. एकही पडला नाही. सर कुंपणाशी उभे होते. त्यांनी खिशात हात घातला होता, पण फुटाणे खात नव्हते.

मग रूपालीच्या हातात बॅट दिली. बारा चेंडू. बाराही मागे गेले. या वेळी ती हसली नाही.

ते गृहस्थ माझ्याकडे आले. भला माणूस होता. "मॅडम, असे हात मी पाहिले नाहीत. पण मैदानात उतरली की बॅटही धरावी लागेल ना तिला. मी काय करू?" त्यांचं काही चुकत नव्हतं. येताना गाडीत सरांनी काही विचारलं नाही, गड्डा पडला का म्हणून सुद्धा. रूपाली चिखलीला गाडी बदलताना आपणहून म्हणाली, "पडला नाई सर." सरांनी मान हलवली.

रूपालीचं लग्न वैशाखात झालं, बीबीला. सर गेले, मीही गेले. पुढच्या काही वर्षांत सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाळेने त्यांना शाल, नारळ आणि ती बॅट दिली, कारण नव्या सरांना बेसबॉल नको होता. आभाराला उभे राहून सर म्हणाले, "सगळ्यांनी सांभाळून घेतलं," आणि खाली बसले. पूजा तोपर्यंत पोलिसात लागली होती. तिने पेढे पाठवले, ते सरांनी स्टाफरूममध्ये वाटले. त्यातला एक मी खाल्ला आणि तो गोड लागला, हेही खरं आहे.

गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. बीबीच्या बाजारात टोमॅटो घेत होते, तर समोर रूपाली, सासूबरोबर भाजी लावून बसलेली. ती गिऱ्हाइकाशी बोलत असताना ढिगावरून एक कोबी घरंगळला. तिने न बघता तो खालच्या खाली धरून परत ठेवला. मी हाक मारली. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, पाया पडली, चहा मागवला. सगळ्यांची विचारपूस झाल्यावर म्हणाली, "मॅडम, एक गोष्ट सरांले विचारायची राहून गेली."

"काय गं?"

"मले बॅट काऊन नाई शिकवली?"

रागाने नाही म्हणाली. गणित चुकलं तर कुठे चुकलं ते विचारावं, तसं. मी म्हटलं, "तेव्हाच विचारायचं होतंस."

"तवा वाटलं, हात हायेत तं पुरते. सर तसंच म्हनत." मग म्हणाली, "भरतीचं वय अजून गेलं नाही माहं. मोठ्या बायांचाही संघ निघते म्हणे. सासूबाईले विचारलं मी. नाई म्हनल्या नाहीत."

सासूबाई मिरच्या तोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पळती तर लई जोरात. एकदा बैल सुटला, तर हिनंच धरला."

परत आल्यावर मी उंद्रीला गेले. सर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते, दाणे एका बाजूला आणि टरफलं एका बाजूला. मी रूपालीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. वाटलं होतं, "पाहू ना बाप्पा" म्हणतील. सरांनी हातातली शेंग तशीच ठेवली.

"शिकवता आली असती," ते म्हणाले. "हात चांगले असले की बॅट येते. दोन वर्षं लागतात, पण येते."

"मग?"

"मारता आलं असतं तं तिलेही पाठवा लागलं असतं, मॅडम. मंग माह्याजवळ राह्यलं असतं कोण?"

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला लगेच अर्थ लागला नाही. लागला तेव्हा काय वाटलं, तेही नीट सांगता येत नाही. ज्या माणसाला मी आधी वेडा समजले, मग साधू समजले, मग पोरींचं नुकसान करणारा समजले, तो हे तिन्ही होता, आणि शिवाय आपला संघ आपल्याजवळ राहावा एवढीच इच्छा असलेला एक पी.टी.चा मास्तर होता.  सर आत गेले, पाणी आणलं, आणि म्हणाले, "तुमचा भाऊ असते ना बीबीले? घरी पाहुणा चालते का त्याले?"

चार दिवसांनी मी चिखलीच्या स्टँडवर खामगावच्या गाडीची वाट बघत होते. मेहकरची बस लागलेली. तिच्या दारात सर. पांढरे बूट, एका हातात कपड्यांची पिशवी, आणि काखेत पोत्यात गुंडाळलेली बॅट. कंडक्टर विचारत होता, "काका, मुसळ घेऊन कुठं चालले?"

"लेकीकडं," सर म्हणाले.

मी धावत गेले. "सर, खांद्याचं काय? चेंडू कोण फेकणार?"

"उजवा गेला," ते म्हणाले. "डावा कधी वापरलाच नाही, मॅडम. नवाच्या नवा आहे." आणि आत जाऊन बसले.

ती शिकेल का, सासू खेळू देईल का, निवड होईल का, कागद येईल का, मला काहीच सांगता येत नव्हतं. बस हलली तेव्हा आठवलं, बीबीची गाडी मेहकरला बदलावी लागते हे त्यांना माहीत आहे की नाही कोण जाणे. मी बसबरोबर चालत ओरडले, "सर, मेहकरला बदला." खिडकीतून त्यांचा डावा हात बाहेर आला आणि वर गेला, कानाच्या वर, डोक्याच्या वर, पार सरळ. बस फाटकातून वळेपर्यंत तो तसाच होता.